घर कुणी निवडायचे?

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या इमारतीवर महानगरपालिकेची नोटीस लागली. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातली ही इमारत. तळमजल्यावर तीन मजले चढवलेली, लिफ्ट नसलेली, छतातल्या सळया उघड्या पडलेली. 2021 च्या मे महिन्यात याच शहरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली होती. तेव्हापासून जुन्या इमारतींची तपासणी आणि नोटिसा हा आमच्याकडे पावसाळ्यापूर्वीचा नेमच होऊन बसला आहे. त्यामुळे नोटिशीचे कुणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. चिंता होती ती तिसऱ्या मजल्यावरच्या मायलेकांची.

लेक पन्नाशीचा. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. अपंगांना टेलिफोन बूथ मिळत, त्या काळात स्टेशनाजवळ त्याचा पीसीओ होता. घरोघरी मोबाईल आल्यावर तो धंदा बुडाला, तेव्हा त्याच टपरीत त्याने मोबाईल दुरुस्तीचे काम सुरू केले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी हा माणूस जिन्यावर बसून, हातांवर भार देत, एकेक पायरी खाली सरकत उतरे. मागून आई कुबड्या घेऊन येई. पायऱ्या 54. रात्री तोच प्रवास उलटा. इतकी वर्षे आम्ही हे पाहत होतो, त्याच्या जिद्दीचे कौतुक करीत होतो, आणि नाताळात त्यांच्या घरी केक व फराळ पोहोचवीत होतो. तळमजल्यावर घर मिळाले तर ही जिद्द दाखवण्याची वेळच येणार नाही, हे कुणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

आता मात्र धर्मग्रामाची समिती कामाला लागली. मी निवृत्त शिक्षक असल्याने पत्रव्यवहार माझ्याकडे आला. महिनाभरात आम्ही दोन चांगल्या जागा मिळवल्या. लेकासाठी दुसऱ्या जिल्ह्यातील अपंगांची निवासी संस्था, स्वच्छ, सेवाभावी, जेवणखाणासह. आईसाठी एक वृद्धाश्रम. फादरांनाही समाधान वाटले. आम्ही तिघे जण ही आनंदाची बातमी घेऊन 54 पायऱ्या चढून गेलो.

त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, जागा चांगल्याच असणार. पण माझं गिऱ्हाईक इथं आहे. आणि आईला माझ्यापासून वेगळं ठेवायचं, हे कुणी ठरवलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. समितीच्या वहीत दोन माणसे, दोन जागा असा हिशेब जुळला होता. ती दोन माणसे मिळून एक घर होते, ही गोष्ट त्या हिशेबात कुठे बसली नव्हती. आमच्यातील एका सदस्याने जरा त्रासिक स्वरात म्हटले, की अशा प्रसंगी माणसाने हट्ट धरू नये. त्यावर ते हसून मला म्हणाले, "सर, तुम्ही अंबरनाथला घर घेतलंत, तेव्हा कुठल्या समितीनं ठरवलं होतं?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. गरजवंताला घर मिळवून देणे हे पुण्यकर्म आहे, यात वाद नाही. पण मदत घेणाऱ्याने आपली निवड आपल्या हाती ठेवावी की नाही? आपण निरोगी माणसे घर घेताना किती गोष्टी पाहतो! मुलांची शाळा, स्टेशन, बाजार, चर्च, नातेवाईक, वारा कुठून येतो, शेजारी कोण. त्यातल्या निम्म्या गोष्टी इतरांना क्षुल्लक वाटतील. तरीही त्या आपल्या असतात. तोच विचार अपंग माणसाने केला की आपण त्याला हट्ट म्हणतो. (सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. हे गृहस्थ स्वतःला अपंगच म्हणवतात आणि नव्या शब्दाने जिना काही कमी चढावा लागत नाही असेही सांगतात. म्हणून मीही तोच शब्द वापरतो.)

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. इमारत पडायला आली असताना निवडीचे लाड कसले? जीव वाचणे प्रथम. मला वाटते, येथेच आपली गफलत होते. धोक्याची इमारत रिकामी करायला सांगणे बरोबरच आहे, कारण स्लॅब कोसळतो तो खालच्या घरातल्या लेकरांवरही. पण धोक्यामुळे माणसाची एक वाट बंद होते, एवढेच. उरलेल्या सगळ्या वाटा निवडण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून आपल्याकडे येत नाही. घर सोडायला सांगणे आणि कुठे जायचे ते ठरवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईच्या वेळी आपण त्या एक करून टाकतो.

आमच्या या भागाला तर हे अधिक उमगायला हवे होते. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना सरकारने येथील बराकींत आणून ठेवले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे रीतसर नगर झाले. बराकीला नंबर, कॅम्पला नंबर. डोक्यावर छप्पर मिळाले, पण कुठले आणि कुणाच्या शेजारी, हे दुसऱ्याने ठरवले. बराकींची घरे पुढे त्या लोकांनी स्वतः केली, भिंती फोडून, ओटे बांधून, दुकाने काढून. आज उल्हासनगरच्या बेबंद बांधकामांना आपण नावे ठेवतो, आणि ठेवावीतही. परंतु नेमून दिलेल्या जागेचे घर करण्याची ती धडपड होती, हेही विसरू नये.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे, की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हेच तत्त्व आहे. याच कायद्याच्या 37 व्या कलमाने सरकारी घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण ठेवले आहे, त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. म्हाडाच्या सोडतीत अपंगांसाठी राखीव गट असतो. पंतप्रधान आवास योजनेच्या नियमांत अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबाला तळमजल्यावरचे किंवा खालच्या मजल्यावरचे घर देताना प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे. एवढे सारे असून आमच्या समितीतील एकालाही त्यातले काही ठाऊक नव्हते. मला तर विधी सेवेचा 1987 चा कायदाही त्या निमित्तानेच कळला. अपंग व्यक्तीचे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. इमारतीच्या नोटिशीने ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते, जुन्या घरावरचा हक्क ज्याला राखायचा असतो, त्याला केक व फराळापेक्षा या अर्जाची गरज अधिक होती.

या साऱ्याला लागणारी पहिली किल्ली म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे ओळखपत्र. ते काढायला सरकारी रुग्णालयात खेटे घालावे लागतात. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा राज्यात नियम आहे. उल्हासनगरची महानगरपालिका असो वा अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगरपालिका, तेथे जाऊन या निधीतून काय मिळते ते विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. विचारायला जाणे मात्र ज्याला जिनाच उतरता येत नाही त्याला कसे जमावे? सल्ला देणाऱ्याचे काम येथे सुरू होते. पत्ता सांगून मोकळे होणे हा सल्ला अर्धा. सोबत जाणे, रांगेत उभे राहणे, साहेब जेवायला गेले असतील तर बाकावर बसून राहणे, हा उरलेला अर्धा.

शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौघांनी त्याला खाटेवरून आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून त्यांनी छप्पर उकलून त्याला प्रभू येशूसमोर खाली सोडले. प्रवचनांत त्या चौघांच्या श्रद्धेची थोरवी सांगितली जाते. मला अलीकडे त्या कथेचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. बरे झालेल्या त्या माणसाला येशूने कुठे पाठवले? त्याच्या स्वतःच्या घरी. छप्पर उकलणाऱ्यांनीही त्याला कुठे ठेवायचे याची चर्चा केल्याचे संत मार्क लिहीत नाही.

संस्था वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. कुष्ठरोगामुळे घरानेच ज्यांना बाहेर टाकले, त्यांच्यासाठी बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते नसते तर त्या माणसांना जगण्याला जागा नव्हती. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था 1984 साली सुरू केली. जेथे अपंग माणसाच्या हातात कारभार असतो तेथे संस्थेचेही घर होऊ शकते. पण आपल्या ख्रिस्ती परंपरेत आणखी एक जुनी वाट आहे. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्नाचे चर्च आहे. ती मनोरुग्णांची आश्रयदात्री मानली जाते. मध्ययुगात तेथे मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरू येऊ लागले. चर्चमधली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ती रीत शतकानुशतके चालली. 1930 नंतरच्या दशकात तर असे साडेतीन हजारांहून अधिक लोक गावातील कुटुंबांत राहत होते. आता संख्या पुष्कळ घटली असली तरी रीत मोडलेली नाही. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, घरात राहणारे पाहुणे समजतात. गावाने त्यांच्यासाठी वेगळे घर बांधण्याआधी आपली दारे उघडली होती.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न याहून अवघड आहे. 'आमच्यामागे हा कुठे राहील?' हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतही अनेक घरांत रात्री उच्चारले जाते. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याने अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे आणि तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करायचा असतो. हे आईवडील हयात असतानाच करून ठेवावे. त्या मुलांना बोलता येत नसले तरी कुठल्या घरात ती शांत झोपतात आणि कुठल्या घरात जेवण टाकतात, हे पाहणाऱ्याला दिसते. तेही त्यांचे मतच असते. या प्रश्नावर स्वतंत्र लेखच हवा.

आमच्या मित्राकडे परत येतो. त्याने समितीचे आभार मानले आणि स्वतःच घर शोधायला लागला. त्याच्यासोबत दोन-तीन वेळा मी गेलो, तेव्हा कळले की तीस वर्षे या भागात राहूनही मी घरे पाहिलीच नव्हती. मी भाडे आणि डिपॉझिट विचारीत असे. तो उंबऱ्याची उंची पाही. संडासाचे दार आत उघडते की बाहेर, नळ बसून हाताला लागतो का, पावसात रिक्षा दारापर्यंत येते का, स्टेशनाच्या कुठल्या बाजूला उतार आहे. बदलापूर पश्चिमेला एक तळमजल्याची खोली मला फार आवडली. त्याने भिंतीवरचा पाण्याचा डाग दाखवला. 26 जुलै 2005 आणि पुन्हा 27 जुलै 2019, दोन्ही वेळा उल्हास नदी या वस्त्यांत शिरली होती. दुसऱ्या वेळी तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकून पडली होती. "वरच्या मजल्यावर मी कैदी," तो म्हणाला, "आणि इथं पाणी आलं तर मला वर कोण नेणार?" तळमजला म्हणजे अपंगांची सोय, एवढे सोपे गणित मी मांडले होते.

जागा मिळत, पण घरमालक नकार देत. नकार कोणी उघड देत नसे. 'काही झाले तर आमच्यावर येईल', 'सोसायटी तयार नाही', 'उतार केला तर बाकीचे हरकत घेतील'. अकरा महिन्यांच्या करारापूर्वीच्या या कुजबुजीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

आणि येथे मला जे सांगायचे आहे ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्या महिन्यांत माझी स्वतःची एक खोली बदलापूर पूर्वेला रिकामी होती. तळमजला, पुरापासून दूर. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. समितीच्या चार बैठका झाल्या, चारही बैठकांत मी तळमजल्याच्या जागेची निकड कळकळीने मांडली, आणि त्या खोलीबद्दल चकार शब्द काढला नाही. मनात असे होते, की भाडे थकले तर मी त्याला मागू शकेन का? करार संपल्यावर, कुबड्या घेतलेल्या माणसाला आणि म्हाताऱ्या आईला 'खोली सोडा' असे सांगण्याचे धाडस मला होईल का? म्हणजे ज्या घरमालकांचा मला राग येत होता त्यांचेच विचार माझे होते; फक्त माझ्या तोंडी दया होती. पावसाळ्यातच मी ती खोली नोकरी करणाऱ्या एका तरुण जोडप्याला दिली.

त्याला जागा मिळाली ती वांगणीला, आणि ती दाखवली लोकलमध्ये वस्तू विकणाऱ्या त्याच्या एका अंध मित्राने. बदलापूरच्या पुढचे हे स्टेशन. भाडे कमी आणि स्टेशन जवळ, म्हणून गेल्या अनेक वर्षांत येथे शेकडो अंध स्त्रीपुरुष येऊन राहिले. कुठल्या योजनेने त्यांना आणले नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. देशाला वांगणीचे नाव कळले ते 17 एप्रिल 2021 रोजी. एका अंध आईचे मूल फलाटावरून रुळांवर पडले, समोरून गाडी भरधाव येत होती, आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने धावत जाऊन त्याला वर उचलले. बक्षिसाची निम्मी रक्कम त्या मुलाला देण्याचेही त्यांनी जाहीर केले. शेळके यांच्या धैर्याला वंदनच. पण ती माउली तेथे राहत का होती, त्यापूर्वीच्या वर्षी लोकल बंद पडल्यावर त्या शेकडो घरांच्या चुली कशा पेटल्या असतील, याचा विचार फारसा झाला नाही. वांगणीत सोयी कमीच आहेत, रस्ते खडबडीत आहेत. तरी तेथे वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना पांढऱ्या काठीची सवय आहे. अंध माणूस रस्त्यावर दिसला तर कुणी थबकून पाहत नाही.

गेल्या नाताळाच्या आधी मी तेथे गेलो. घरमालकाने उंबरा छिन्नीने उतरवून दिला होता. न्हाणीत दोराचा आधार बांधलेला. टपरीवर जायला त्याला आता लोकलने उल्हासनगर गाठावे लागते, अपंगांच्या डब्यातही सकाळी गर्दी असते, आणि आईची तक्रार होती की मिस्सेला जायला फार लांब पडते. चहा झाल्यावर त्याने एक वही काढली. बदलापूर ते वांगणी, तळमजल्याच्या खोल्या, प्रत्येकीसमोर पायऱ्यांची संख्या, दाराची रुंदी, पाणी भरते की नाही, मालकाचा स्वभाव. लोक आता त्याला विचारायला येतात.

वही चाळता चाळता तो सहज म्हणाला, "सर, बदलापूरची तुमची खोली कुणाला दिलीत?"

त्याला ठाऊक होते. एजंटाने तेव्हाच सांगितले होते. "तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मावशी कप उचलायला आत गेल्या. मी खरे ते सर्व सांगितले, भाडे थकण्याच्या भीतीसकट.

"करार कधी संपतो?" त्याने विचारले.

"मार्चमध्ये."

"मला नको आता. पण इथं एक जोडपं आहे. ती चाकाच्या खुर्चीवर असते, तो शिवणकाम करतो. भाडं देतील. न्हाणीचं दार किती रुंद आहे?"

मला ते सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बदलापूरला गेलो. दार 24 इंच भरले. खुर्ची जायला 32 लागतात, असे त्याने फोनवर सांगितले, आणि एका गवंड्याचा नंबर दिला.